जावईषष्ठीचा वारा

जावईषष्ठीच्या सकाळी साडेआठ वाजेपर्यंत हरिसाधन कुंडूंनी ओसरीच्या खांबावरचा तापमापक अकरा वेळा पाहिला होता. बाराव्या वेळी त्यांनी तो खिळ्यावरून काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पाण्याच्या माठावर नेऊन टांगला. पारा दोन अंश उतरला, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"घर थंड होईना, म्हणून आता पाऱ्यालाच अंघोळ घाला," त्यांच्या पत्नी निभाननी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"घर थंडच आहे. यंत्र तापलंय."

"आणि तुमचं डोकं?"

हरिसाधनबाबूंनी मान वळवली. ते बांबूच्या बेटाकडे बघत होते. बेटातलं एकही पान हलत नव्हतं.

हरिसाधनबाबू सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. चाळीस वर्षं त्यांनी सिमेंट कालवलं. नदिया जिल्ह्यातल्या निम्म्या शाळा आणि सगळ्या कचेऱ्या त्यांच्या देखरेखीखाली उभ्या राहिल्या, आणि त्यांतला एकही खोका असा नव्हता की ज्यात वैशाखात माणूस माणसासारखा बसू शकेल. त्यांच्या हातच्या एका टपाल कचेरीत म्हणे दुपारी तिकिटांचा गोंद आपसूक वितळायचा आणि पत्रं एकमेकांना चिकटून जोडीनंच गावोगावी जायची. त्यातून दोन लग्नं जुळली असंही सांगतात. राणाघाटला त्यांनी स्वतःसाठी बांधलेलं दुमजली घर तर त्यांच्या कारकिर्दीचा कळसच होता. तिथल्या पाली दुपारी भिंतीवर चारही पाय एकदम टेकत नसत.

त्यात जावई मिळाला तो एसी विकणारा. प्रणबेशचं कोलकात्यात बेहालाला दुकान होतं, आणि ते इतकं गार की लोक घाम पुसत आत शिरायचे आणि चहा कुठे मिळेल विचारत बाहेर पडायचे. दर जावईषष्ठीला, जावयाच्या मानाच्या सणाला, लेक-जावई कोलकात्याहून यायचे, जेवायचे आणि चारच्या ठोक्याला लेक म्हणायची, "बाबा, निघतो हं आम्ही. त्याला एसीशिवाय झोप लागत नाही ना!"

मग गाडीचे लाल दिवे कोपऱ्यावर वळायचे. सात वर्षांत सात वेळा वळले. सात वर्षांत टुलटुल बापाच्या छपराखाली एक रात्र झोपली नव्हती.

आठव्या वर्षी हरिसाधनबाबूंनी राणाघाटचं घर भाड्यानं दिलं आणि चिखल तुडवायला घेतला.

शिमुलडांग्याला, मूळ गावी, त्यांच्या वडिलांचं मातीचं घर होतं. चूर्णी नदीनं ते एका भादव्यात गिळलं, त्याला वीस वर्षं झाली. मागची बांबूची जमीन तेवढी उरली होती. त्या जमिनीवर त्यांनी ते घर आठवणीतून पुन्हा उभं केलं. दक्षिणेला तळं खणलं, म्हणजे वारा पाण्यावरून पाय धुऊन घरात येईल. तळ्यातून निघालेल्या मातीचा छातीइतका उंच चौथरा केला, उरलेल्या मातीच्या हातभर रुंदीच्या भिंती. पश्चिमेला बांबू, म्हणजे उतरतं ऊन तिथेच अडेल. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये चार बोटांची फट, तापलेली हवा तिथून निघून जायची. आणि छप्पर भाताच्या पेंढ्याचं, उलट्या होडीसारखं पाठीत वाकलेलं, त्याच्या वळचणी इतक्या खाली की ताठ मानेच्या माणसाला ओसरीवर येताना नमस्कार करावाच लागे.

हे सगळं करायला अख्ख्या पंचक्रोशीत एकच माणूस उरला होता, मदन घरामी. वय शहात्तर. घरं बांधणं आणि शाकारणं हा त्याचा सात पिढ्यांचा धंदा. हरिसाधनबाबूंच्या वडिलांचं घर मदनच्या बापानंच बांधलं होतं. अकरा महिने या दोघांची जुंपली. हरिसाधनबाबू फीत लावायचे, मदन वीत लावायचा.

"तीन इंच जास्त वाकलंय, मदन."

"बाबू, छप्पर हाय ते. म्हशीची पाठ कधी फीत लावून बघितली का? पाऊस घसरला पायजे, मानूस न्हाई घसरला पायजे."

निभाननी दोघांना चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "चाळीस वर्षं सिमेंट कालवलंत, आता चिखल कालवा. पुढच्या जन्मी पानंच गुंडाळून राहू."

पण हा सगळा खटाटोप कशासाठी चाललाय, हे निभाननींनाही ठाऊक होतं. टुलटुल आठ वर्षांची असताना उन्हाळ्याची सुट्टी त्या जुन्या घरात काढायची. पूर्वेच्या खोलीत आजीपाशी झोपायची आणि अशी झोपायची की सकाळी तिला चादरीसकट उचलून अंगणात आणावं लागे. त्या घरात एकच गोष्ट कुणाला कळली नव्हती. आजीनं रात्री गोड खायला बंदी घातली होती, खोलीला आतून कडी असायची, तरी रोज सकाळी पोरीच्या गालाला गूळ आणि अंथरुणात मुंग्या. मुरमुऱ्याचे लाडू आत पोचायचे कसे? आजोबा ओसरीवर हुक्का ओढत बसायचे आणि या विषयावर एक शब्द बोलायचे नाहीत. आजी मरेपर्यंत या कोड्यानं हैराण होती.

ती झोप हरिसाधनबाबूंना परत हवी होती. एक रात्र, बास.

साडेदहाला गाडी आली. टुलटुल उतरली, प्रणबेश उतरला, त्याच्या हातात दह्याचं मडकं, मिठाईचे डबे, सासूला साडी आणि शेपटीला लाल रिबन बांधलेला एक थोरला रोहू मासा. मग त्यानं मागचं दार उघडलं आणि एक मोठं खोकं ओढलं. त्यालाही लाल रिबन होती.

"बाबा, हे तुमच्यासाठी," तो हसत म्हणाला. "दीड टनी. नवं मॉडेल."

हरिसाधनबाबूंच्या तोंडचं पाणी पळालं. षष्ठीच्या दिवशी जावयानं आणलेली भेट परत करणं म्हणजे लेकीच्या संसाराला दृष्ट लावणं. निभाननींनी तर कोणत्याही नव्या वस्तूला करतात तसं खोक्याला शेंदराचं बोट लावून, दूर्वा वाहूनही टाकल्या होत्या.

"अरे, पण मिस्त्री?" हरिसाधनबाबूंनी शेवटचा प्रयत्न केला. "सणावाराचं कोण येणार इथे?"

"मी आहे की! मी मूळचा मिस्त्रीच. जेवण झालं की अर्ध्या तासाचं काम. भिंतीला फक्त एक भोक पाडायचं."

ओसरीच्या टोकाला मदन घरामी सुपारी कातरत बसला होता. त्याचा अडकित्ता जागच्या जागी थांबला.

टुलटुल तोवर घरभर हिंडत होती. वळचणीखाली वाकली, खांबांना हात लावला, तळ्याच्या पायऱ्या मोजल्या. "बाबा, अगदी तसंच आहे हो! चौथऱ्याला ती पणतीची देवळीसुद्धा!" हरिसाधनबाबू तिच्यामागे मांजरासारखे फिरत होते. पूर्वेच्या खोलीत ती पलंगावर आडवी झाली, डोळे मिटले आणि उशीमागच्या भिंतीवर हात फिरवत राहिली. डावीकडे, उजवीकडे, मग थोडा खाली.

"काय गं?"

"काही नाही. सगळं आहे." तिनं डोळे उघडले. "पण काहीतरी राहिलंय, बाबा."

"काय राहिलंय?"

"तेच तर आठवत नाहीये."

हरिसाधनबाबू बाहेर आले ते थेट फीत घेऊन. चौथऱ्याची उंची बरोबर. ओसरीची रुंदी बरोबर. दाराची उंची अर्धा इंच कमी, पण अर्ध्या इंचानं कुणाची झोप जात नाही. मग काय राहिलं?

तेवढ्यात निभाननी आतून एक वस्तू चिमटीत धरून आल्या. जावयाची पिशवी आत ठेवताना ती वरच सापडली होती. तपकिरी लोकरीची माकडटोपी.

"अहो, ज्येष्ठात? जावईबापूंना बरं नाहीये की काय?"

"दुकानात लागत असेल. ठेव तिथे, आणि माझं ऐक." त्यांनी आवाज खाली आणला. "वारा पडलाय. पण येणार. दक्षिणेचा वारा दुपारपर्यंत येतोच, बाबा म्हणायचे. तो आला की प्रणबेश स्वतःच म्हणेल, कशाला हवाय एसी. तोवर त्याला उकडता कामा नये. तू जेवताना त्याला पंख्यानं वारा घालशीलच ना?"

"घालणारच की. रीतच आहे."

"मग थांबू नकोस. मी तळ्यापाशी बसतो. वारा आला की खोकेन. मी खोकेपर्यंत पंखा थांबवायचा नाही."

बाराला पान मांडलं. ओसरीवर आसन, भोवती तांदळाच्या पिठाची अल्पना, समोर काशाचं थोरलं ताट आणि ताटाभोवती सोळा वाट्या. निभाननींनी जावयाच्या मनगटाला हळदीचा दोरा बांधला, डोक्यावर धान-दूर्वा ठेवल्या, ताडाच्या पानाचा पंखा पाण्यात बुडवला आणि इडापिडा टळावी म्हणून "षाट, षाट, षाट" म्हणत तीन झटके दिले. रीत इतकीच असते. तिसऱ्या झटक्याला सासू पंखा ठेवते आणि जावई जेवायला लागतो.

निभाननींनी चौथा झटका दिला. मग पाचवा. पंचविसावा झाल्यावर मोजायचं त्यांनी सोडून दिलं.

आता यात प्रणबेशची चूक नव्हती. निघताना त्याच्या थोरल्या मावशीनं त्याला दटावून सांगितलं होतं, "सासू पंखा हलवत असताना आसनावरून उठायचं नाही. तिचा अपमान होतो." म्हणून तो उठेना. तो उठेना म्हणून निभाननींना ताट रिकामं ठेवता येईना, कारण जावई बसलेला आणि ताट रिकामं हे दृश्य कुंडूंच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं. डाव्या हातानं त्या वाढत होत्या, उजव्यानं वारा घालत होत्या. आणि ताटात पडलंय म्हणजे ते खायला हवं, असं प्रणबेशला त्याच्या आईनं शिकवलं होतं.

पहिल्या फेरीत मैद्याच्या चौदा लुच्या, हरभऱ्याची डाळ आणि वांग्याची कापं गेली. दुसऱ्या फेरीत मोहरीतला इलिश मासा. तिसऱ्यात रोहूचं डोकं, ते जावयानंच आणलेलं. चौथ्यात मटण. पाचव्यात भात पुन्हा, कारण मटणाचा रस्सा उरला होता. सहाव्यात मटण पुन्हा, कारण भात उरला होता.

"आई, पुरे की आता!" टुलटुल म्हणाली.

"तू गप्प बस. तुझ्या बाबांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"ते जेवताना सांगायचं नसतं. जावईबापू, हात का थांबला?"

प्रणबेशनं बायकोकडे एकदा आशेनं पाहिलं. मग त्याला वाटलं, ही यांच्या कुळाची रीत असेल, आणि त्यानं मान खाली घातली. सव्वा वाजता त्यानं शर्टाचं एक बटण सोडलं. पावणेदोनला दुसरं. निभाननींचा उजवा हात भरून आला, तेव्हा त्यांनी पंखा डाव्या हातात घेतला आणि उजव्यानं हिमसागर आंबे वाढले. सहा. शिमुलडांग्यात आजही शपथेवर सांगतात की दोन वाजता प्रणबेशच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खाली सांडायच्या आत निभाननींनी त्याच्या पानात छेन्याचा गोड संदेश ठेवला होता.

तिकडे हरिसाधनबाबू तळ्याच्या पायरीवर बसून खोकला आवरत होते. सकाळपासून घसा खवखवत होता, पण खोटं खोकायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पाणी काचेसारखं पसरलेलं. एक चतुर पाण्यावर आला आणि उकडून परत गेला. त्यांना वडील आठवले. दुपारी याच वेळी ते म्हणायचे, "थांब, येईल." आणि यायचा. तेव्हा वाऱ्याला यायला एक घर होतं. मध्ये वीस वर्षं गेली, त्याला पत्ता कुठून लक्षात राहणार?

सव्वादोनला पलीकडच्या काठावरची गवतं वाकली. मग पाण्यावर एक सुरकुती उठली, ती चालत चालत त्यांच्या पायांपाशी आली, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम गार झाला.

हरिसाधनबाबू उभे राहिले आणि इतक्या मोठ्यानं खोकले की बांबूतले बगळे उडाले.

ओसरीवर निभाननींचा पंखा गळून पडला. प्रणबेशनं दोन्ही हात जमिनीला टेकले, उठायचा प्रयत्न केला आणि काही क्षण तो ना बसलेला ना उठलेला असा लोंबकळत राहिला. मग दक्षिणेचा वारा तळ्यावरून आला, त्याच्या मानेवरून फिरला, आणि तो बाजूच्या चटईवर हळूच कलंडला. डोकं टेकायच्या आत तो घोरत होता.

हरिसाधनबाबूंनी तापमापकाकडे पाहिलंसुद्धा नाही. जावई झोपला होता. एसीवाला झोपला होता!

चार वाजता टुलटुल पर्स घेऊन बाहेर आली. "ए, ऊठ. निघायचंय." प्रणबेश हसला, झोपेतच. तिनं खांदा हलवला, तोंडावर पाणी मारलं, गाडीचा हॉर्न वाजवला. त्या हॉर्ननं पलीकडच्या गावातला एक मुका बैल हंबरला म्हणतात. निभाननींनी देवघरातला शंख आणून कानाशी फुंकला. प्रणबेशनं कूस बदलली आणि म्हणाला, "अजून एक लुची नको, आई."

"बाबा, तुम्ही उठवा ना त्याला!"

"झोपू दे की. राहा आजची रात्र."

"नाही हो, त्याला एसीशि—"

ती थांबली. चटईवरचा माणूस दोन्ही हात पसरून, तोंड उघडं टाकून झोपला होता. त्याच्या चेहऱ्यावर अशी तृप्ती होती की ती बघून मदन घरामीलाही जांभई आली.

"त्याला तर लागली की झोप," हरिसाधनबाबू म्हणाले.

टुलटुल ओसरीच्या कडेला बसली. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. 

"मला नाही लागत, बाबा," ती म्हणाली. "मला. एसी मला लागतो. अठरावर लावते मी. तो बिचारा दिवसभर दुकानात गारठतो आणि रात्री माकडटोपी घालून झोपतो. पहिल्या वर्षी तुम्ही विचारलंत, का जाताय, तर त्याचं नाव घेतलं. तुम्ही स्वतः बांधलेल्या घरात मला झोप लागत नाही, असं कसं सांगायचं? मग तेच चालू राहिलं."

हरिसाधनबाबूंनी आपल्या घराकडे पाहिलं. हातभर रुंद भिंत, म्हशीची पाठ, चार बोटांची फट. अकरा महिने त्यांनी आठ वर्षांच्या पोरीसाठी घर बांधलं होतं, आणि समोर बसलेली बाई चौतीसची होती. तिला ते दोष तरी कसा देणार? राणाघाटच्या त्या भट्टीत तिला त्यांनीच वाढवलं होतं.

ते उठले. "मदन! कुदळ आण."

"कशाला?"

"भिंत फोडायची. त्या यंत्रासाठी भोक पाडायचंय."

मदननं कानाला हात लावले. "बाबू, आजून भितीची वल पुरती जिरली न्हाई. अकरा म्हैने आपुन हिला लेकीगत जपली."

"लेकीसाठीच फोडायची. चल."

हरिसाधनबाबूंनी फीत काढून भिंतीवर वरच्या बाजूला खडूची खूण केली. मदननं ती पायपुसण्यानं पुसली. "वरच्या थराला हात लावला तर छप्पर बसंल. छपराचा भार तिथंच हाय."

"मग कुठे?"

मदन ओसरीवरून भिंतीला हात लावत लावत सरकला, पूर्वेच्या खोलीपाशी आला, गुडघ्यावर बसला आणि बोटानं मातीवर टिचकी मारली. पलीकडे, आत, टुलटुलच्या पलंगाचं उसं होतं. "हितं."

"इतक्या खाली? नळी वर कशी जाणार?"

"नळीचं नळी बघंल. भोक हितंच पडनार. ह्या जागंला सवय हाय."

"कसली सवय?"

पण मदननं कुदळ उचलली होती. पाऊण तास धप्प धप्प चाललं. हरिसाधनबाबू प्रत्येक घावाला डोळे मिटत होते. शेवटी नारळ आरपार जाईल एवढं भोक पडलं, आणि त्या आवाजानं प्रणबेश जागा झाला.

"काय झालं?" त्यानं भोक पाहिलं, सासऱ्यांच्या अंगावरची माती पाहिली, आणि त्याचा चेहरा पडला. "बाबा, हे कशाला? मी किती दिवसांनी—"

"जावईबापू, खोकं उघडा," हरिसाधनबाबू ताठ आवाजात म्हणाले. "माझ्या लेकीला उकडतंय."

प्रणबेशनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं तळ्याकडे पाहिलं. त्यानं निमूटपणे रिबन सोडली, शेंदूर लागलेलं झाकण उघडलं, आत हात घातला. बाहेर लावायचं अवजड यंत्र निघालं. त्याखाली थर्माकोल निघाला. थर्माकोलखाली काही निघालं नाही.

"अरेच्चा," प्रणबेश म्हणाला. "आतलं युनिट दुकानातच राहिलं!"

"राहिलं?" टुलटुल कडाडली. "खोकं तूच भरलंस ना?"

"घाईत होतो गं."

"नऊ वर्षं एसी विकतोयस, आणि अर्धा एसी भरलास?"

"होतं कधी कधी. आणि आता या पोटानं गाडी चालवायची म्हणजे..." त्यानं पोटावर हात ठेवला. "स्टिअरिंग फिरणारच नाही. सकाळी बघू."

हरिसाधनबाबूंनी जावयाकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी ठेकेदारांची तोंडं वाचली होती. सिमेंट कमी घालणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. अगदी असाच असतो, गोळीबंद निरागस.   जावई परत चटईवर लवंडला तेव्हा त्यानं पिशवीतून माकडटोपी काढली, तिची घडी केली आणि उशीखाली दाबून ठेवली.

टुलटुल तणतणत पूर्वेच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

दिवेलागण झाली. निभाननींनी शंख वाजवला, तुळशीपाशी पणती ठेवली आणि गरम पाण्याची पिशवी दंडाला बांधून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मदन घरी गेला. हरिसाधनबाबू पूर्वेच्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकून ओसरीवर बसले. शेजारी ते भोक होतं. कडा खडबडीत, खाली मातीचा ढीग. एवढी सुरेख भिंत, एक तडा नाही, एक फुगवटा नाही, आणि कुणासाठी फोडली तर अर्ध्या एसीसाठी. दक्षिणेचा वारा ओसरीवर यायचा, त्या भोकापाशी घुटमळायचा आणि बारीक घूं करून आत शिरायचा.

तो आवाज त्यांनी कुठेतरी ऐकला होता.

भोकातून एक हात बाहेर आला. शंखाची पांढरी बांगडी, लाल बांगडी, आणि वर केलेला तळवा. हात तसाच थांबला.

"आजोबा द्यायचे," भिंत म्हणाली. "बाबा, आहेत का?"

हरिसाधनबाबूंना आठवलं. जुन्या घराच्या याच भिंतीत, याच उंचीवर एक भोक होतं. बांधताना मदनच्या बापानं परांचीची काठी भिंतीत ठेवली आणि नंतर उपसली, ते भोक बुजवायचं राहून गेलं. नोकरीला लागल्या लागल्या, नवा कोरा ओव्हरसियर म्हणून, त्यांनी वडिलांना शंभरदा सांगितलं होतं, "बाबा, हा दोष आहे, बुजवून घ्या." वडील हुक्का गुडगुडवत म्हणायचे, "राहू दे." नवं घर बांधताना त्यांनी देवळीसुद्धा आठवून आठवून घातली होती. दोष तेवढा सुधारून घेतला होता.

ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. डबे उघडायला लागले.

"काय हवंय?" निभाननींनी विचारलं.

"मुरमुऱ्याचे लाडू."

"आता? या वयात? तो डॉक्टर काय म्हणाला होता?"

"मला नकोत."

"मग कुणाला? जावई तर उताणा पडलाय, आणि टुलटुल कडी लावून बसलीय."

हरिसाधनबाबूंनी दोन लाडू सोग्यात बांधले आणि एक शब्द न बोलता बाहेर आले. हात अजून तिथेच होता. त्यांनी एक लाडू ठेवला. हात आत गेला. कुरकुर आवाज आला. थोड्या वेळानं हात पुन्हा बाहेर आला. दुसरा लाडू गेला. तिसऱ्यांदा हात आला नाही. मग आतून येणारा श्वास हळूहळू लांब होत गेला. बाहेरच्या घोरण्याशी त्याची जुगलबंदी जमली, तरी वारा काही थांबला नाही.

सकाळी आठ वाजले तरी खोलीचं दार उघडलं नव्हतं. शेवटी निभाननींनी दार इतकं वाजवलं की टुलटुल डोळे न उघडता उठली, कडी काढली आणि पुन्हा जाऊन आडवी झाली. निभाननी चादर ओढायला वाकल्या आणि थबकल्या. लेकीच्या गालाकडे पाहिलं, अंथरुणाकडे पाहिलं, मग तशाच ओसरीवर आल्या.

"अहो, आत मुंग्या झाल्यात. रांगच्या रांग. आणि दाराला तर रात्रभर आतून कडी होती!"

हरिसाधनबाबूंनी तापमापक माठावरून काढून खांबावर त्याच्या जागी टांगला.

"मातीचं घर आहे," ते म्हणाले. "मुंग्या यायच्याच."